सांगली सोडून मुंबईला जावं का?

प्रश्न: मी ३३ वर्षांचा आहे. सांगलीच्या गावभागात आई-वडील, पत्नी आणि साडेतीन वर्षांच्या मुलीसोबत स्वतःच्या घरात राहतो. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळतो, हातात ३८ हजार येतात. पत्नी बी.एड. आहे, खासगी शाळेत १४ हजारांवर शिकवते. सगळा खर्च जाऊन पंधरा-सोळा हजार शिल्लक पडतात. आता अंधेरी पूर्वेला, चकाल्यात, एका कंपनीची वर्षाला ११ लाख ४० हजारांची ऑफर आली आहे, म्हणजे महिना ९५ हजार. डोंबिवलीत भाडं परवडतं असं ऐकलं. वडील ६७ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी मिरजेत त्यांची अँजिओप्लास्टी झाली. ते म्हणतात, मुंबईत माणूस राबतो आणि पावसात बुडतो, इथं काय कमी आहे? मित्र म्हणतात, अशी संधी परत येत नाही. पत्नीची जायची तयारी आहे. मला मोठ्या शहराची धास्ती वाटते, आणि इथंच राहिलो तर पुढे पश्चात्ताप होईल याचीही. पंधरा दिवसांत कळवायचं आहे. काय करू?

उत्तर:

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यात मुंबईबद्दल बरंच आहे, पण मुंबईत राहणार कुठे याबद्दल 'डोंबिवलीत भाडं परवडतं' एवढी एकच ओळ आहे. मला सगळ्यात जास्त त्या ओळीबद्दल बोलायचंय. एकाच कंपनीत, एकाच पगारावर काम करणाऱ्या दोघांचं मुंबईतलं आयुष्य घराच्या पत्त्यामुळे पार वेगळं होऊन जातं. एकजण संध्याकाळी सातला मुलीला बागेत नेतो, दुसरा पोचतो तेव्हा मुलगी झोपलेली असते. त्यामुळे मोठं शहर चांगलं की वाईट, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. या पगारात, या पत्त्यावर, तुम्ही तिघं आणि मागे राहणारे दोघं कसे राहाल, याचा अंदाज मात्र बऱ्यापैकी नेमका बांधता येतो.

आधी ते ९५ हजार. तुम्ही स्वतः हिशेबातले, रोज दुसऱ्यांची पगारपत्रकं पाहता, तरी आपल्या ऑफरला सरळ बाराने भागलंत. आनंदात सगळ्यांचंच असं होतं. तुम्ही जोडलेली फोड समोर ठेवून पाहू. ११ लाख ४० हजारांतले १ लाख १४ हजार कामगिरीवर अवलंबून आहेत. ते वर्ष संपल्यावर मिळतील, पहिल्या वर्षी जेवढे महिने भराल त्या प्रमाणात, आणि पूर्ण मिळतीलच असं नाही. उरले १० लाख २६ हजार. मूळ पगार ४० हजार आहे, त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे वर्षाला ५७ हजार ६००. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, म्हणजे २३ हजारांच्या आसपास; ती साधारणपणे पाच वर्षं भरल्याशिवाय हाती लागत नाही. गट विम्याचे नऊ हजार. हे सगळं वजा केलं की महिन्याला ७८ हजार राहतात. त्यातून तुमचा पीएफचा वाटा ४,८०० आणि व्यवसाय कर २०० गेले की बँकेत ७३ हजार जमा होतील. नव्या करप्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत आयकर बसत नाही, त्यामुळे तिथे काही कापलं जाणार नाही. पण म्हणूनच, भाड्याच्या पावत्या दाखवून कर वाचेल हा मित्रांचा सल्लाही तुमच्या कामाचा नाही.

म्हणजे तुलना ३८ आणि ९५ ची नाही. आज घरात ३८ आणि १४ मिळून ५२ हजार येतात आणि घरभाडं शून्य आहे. तिकडे पत्नीची नोकरी लागेपर्यंत ७३ हजार येतील आणि त्यातून भाडं जाईल. किती जाईल, हे पत्त्यावर ठरेल.

डोंबिवलीचा विचार करू. वन बीएचके साधारण १६ हजारांत मिळेल. ऑफिस चकाल्यात, म्हणजे डोंबिवलीहून लोकलने घाटकोपर आणि तिथून वर्सोव्याच्या मेट्रोने चकाला. नकाशावर हे सोपं दिसतं. आता घड्याळ लावा: घर ते स्टेशन, शेअर रिक्षाच्या रांगेसह १५ मिनिटं, फलाटावर १०, कारण पहिल्या गाडीत शिरता येईलच असं नाही, लोकल ४०, घाटकोपरचा पूल, मेट्रोची तपासणी आणि रांग १५, मेट्रो १५, चकाल्याहून ऑफिस चालत १०. झाले पावणेदोन तास, आणि तेही सगळं वेळेवर असेल तर. येता-जाता साडेतीन तास, महिन्याचे कामाचे २२ दिवस धरले तर ७७ तास. लोकलमध्ये उभं राहायची जागाच अशी असते की त्या वेळात पुस्तक वाचू, कोर्स करू, हे बेत पहिल्या महिन्यातच गळून पडतात. बसायला मिळावं म्हणून डोंबिवलीची बरीच माणसं सकाळी उलटी कल्याणला जातात आणि तीच गाडी मुंबईकडे निघते तेव्हा जागा धरून बसतात. त्यासाठी पास कल्याणपासूनचा काढावा लागतो, नाहीतर टीसीने पकडलं की दंड. आणि जागा मिळते, पण दिवसातली आणखी वीस-पंचवीस मिनिटं जातात.

दुसरं टोक म्हणजे ऑफिसजवळ, मरोळ-चकाला भागात घर. तिथे साध्या इमारतीतला वन बीएचके ३८ हजारांच्या खाली सहसा मिळत नाही. प्रवास मात्र येऊन-जाऊन तासाभराचा, महिन्याला २२ तास. डोंबिवलीपेक्षा भाडं २२ हजारांनी जास्त, वेळ ५५ तासांनी कमी. म्हणजे तासाला ४०० रुपये देऊन तुम्ही स्वतःचाच वेळ परत विकत घेता. ७३ हजारांत ३८ भाड्याला देणं झेपणारं नाही, हे उघड आहे. पण हा तासाचा भाव मनात ठेवा, घर बघताना फार उपयोगी पडतो.

मला तुमच्यासाठी मधला पट्टा योग्य वाटतो: भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी. वन बीएचके २५ ते ३० हजार. भांडुपहून घाटकोपर धीम्या लोकलने तिसरं स्टेशन, दहा-बारा मिनिटांचं. काही धीम्या गाड्या ठाण्यालाच सुटतात, त्यांत निदान पाय ठेवायला जागा असते. चकाल्यापर्यंत तासाच्या थोडं वर लागेल. सकाळी साडेआठला निघालात तर संध्याकाळी साडेसात-पावणेआठपर्यंत घरी. मुलीचं जेवण तुमच्यासमोर होईल.

आता भांडुपचा महिना मांडू. भाडं २७ हजार. किराणा, दूध, भाजी १४ हजार. वीज, गॅस, इंटरनेट, मोबाइल साडेचार हजार. मुलीची शाळा ५ हजार. प्रवास ३ हजार. औषधं, कपडे, किरकोळ ५ हजार. सांगलीला ये-जा ४ हजार. आई-वडिलांना पाठवायचे ६ हजार. एकूण ६८ हजार ५००. हातात उरले साडेचार हजार. आज सांगलीत पंधरा-सोळा हजार उरतात.

हा आकडा पाहून ऑफर नाकारू नका. मुंबईत पैसा साठतो हे गृहीतक किती डळमळीत आहे, हे दिसावं म्हणून तो मांडला. पीएफमध्ये तुमचे आणि कंपनीचे मिळून महिन्याला ९,६०० जमा होतील, वर्षअखेरीची रक्कम काही अंशी तरी मिळेल. पण हातातली शिल्लक पहिल्या वर्षी घटणार, हे धरूनच चाला.

शिल्लक वाढण्याची वाट तुमच्या पत्नीच्या नोकरीतून जाते. तुमच्या पत्रात वडिलांच्या म्हणण्याला दीड पान आहे, मित्रांच्या म्हणण्याला अर्धं, आणि पत्नीच्या वाट्याला एक ओळ आली आहे: 'तिची जायची तयारी आहे.' तयारी आहे म्हणजे ती तुमच्यासाठी यायला तयार आहे, की तिला स्वतःलाच जायचंय? सांगलीतला दिवस तिला कसा जातो, मुंबईतला कसा जावा असं वाटतं, हे तिला नीट विचारा. ती शिकवत राहू इच्छिते का? टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण आहे का? पहिली ते आठवीच्या शिक्षकपदांना ती लागते, आणि नसेल तर आत्तापासून तयारी करता येईल. मुंबईतल्या बऱ्या खासगी शाळेत तिला २२ ते २५ हजार मिळाले आणि मुलीला काही तास पाळणाघरात ठेवायला ७-८ हजार लागले, तरी घरात निव्वळ १५ हजारांची भर पडते, आणि सांगलीपेक्षा शिल्लक वाढायला लागते. तिची नोकरी नसेल तर हे स्थलांतर पैशाच्या अंगाने तोट्याचं, हे दोघांनी मिळून मान्य करायला हवं.

घराच्या पत्त्याचा पहिला फटकाही तिलाच बसेल. डोंबिवलीच्या सोळा हजारांच्या घरात सकाळी सव्वासातपासून रात्री सव्वाआठपर्यंत ती आणि एक लहान मूल, ओळखीचं कुणी नाही. सांगलीत निदान बोलायला माणसं आहेत. मोठ्या शहरात बाईला मोकळेपणा मिळतो असं आपण सहज म्हणतो, आणि ते खोटंही नाही. पण तो मिळायला हाताशी थोडा वेळ, थोडा स्वतःचा पैसा आणि चालत जाता येईल अशी बाजारपेठ, बाग, वाचनालय लागतं. म्हणून घर निवडताना तिची वाट आणि तुमची वाट दोन्ही एकत्र बघा.

पैशापलीकडे या नोकरीचं वजन किती, हे पाचव्या वर्षाकडे बघून ठरवा. कुपवाडच्या कारखान्यात अकाउंट्सची वरची खुर्ची एकच असते, आणि त्यावर बसलेले साहेब कधी निवृत्त होणार हे तुम्हाला माहीत आहे. इथे वर्षाला दोन-अडीच हजारांची वाढ धरली तर पाच वर्षांनी तुमचा पगार पन्नास हजारांच्या आसपास असेल. मुंबईच्या नोकरीत तुम्हाला काय शिकायला मिळेल, त्यावर तिथली पाच वर्षं ठरतील. कंपनीला तीन गोष्टी सरळ विचारा. हिशेब सॅपसारख्या मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरवर आहेत की टॅलीवर? वैधानिक ऑडिट आणि जीएसटी तुम्ही स्वतः हाताळणार, की कुणाच्या हाताखाली फक्त नोंदी करणार? आणि तुमच्या जागी आधी कोण होतं, ते का गेलं? वर्षभरात त्या खुर्चीवरून दोघं गेले असतील तर पगाराच्या आकड्यापेक्षा ती माहिती महत्त्वाची. काम नुसत्या नोंदींचं असेल तर मी तुम्हाला थांबा म्हणेन, कारण तेवढं शिकायला शहर बदलायची गरज नाही. ताळेबंद स्वतः तयार करायला मिळणार असेल, तर दोन वर्षांनी पुण्यात किंवा कोल्हापुरातसुद्धा तुमची किंमत वेगळी असेल.

आता वडील. त्यांच्या बोलण्यात तुमच्या काळजीइतकीच त्यांची स्वतःची काळजी आहे, आणि ती रास्त आहे. पण 'मुंबई बुडते' हा मुद्दा गावभागातल्या घरात बसून मांडला जातोय, हेही बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथली इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैतही पाणी शहरात आलं. मुंबईचा पूर आणि सांगलीचा पूर मुळातच वेगळे. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तसा दिवस अपवादाचा. एरवी मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला समुद्रात जायला वाट मिळत नाही, कुर्ला-शीवजवळ रूळ बुडतात, आणि ओहोटी लागली की काही तासांत ओसरतात. त्या दिवशी ऑफिसात एक जास्तीचा कपड्यांचा जोड, चार्जर, औषधं आणि कोरडा खाऊ ठेवलेला असला की निभावतं. सांगलीत कृष्णा दिवसा-दोन दिवसांत फुटाफुटाने चढते आणि उतरायला आठवडा घेते.

म्हणून पावसाच्या बाबतीत मला काळजी वाटते ती ऑगस्टमध्ये सांगलीत दोघंच असणाऱ्या तुमच्या आई-वडिलांची. २०१९ ला फ्रिज, धान्याच्या कोठ्या, गाद्या वर कुणी चढवल्या? तुम्ही. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने ते करायचं नाही. जाणार असाल तर पावसाळ्याआधी एक लेखी व्यवस्था करून ठेवा: आयर्विनला पाणी ३५ फुटांवर गेलं आणि कोयनेतून विसर्ग वाढतोय असं कळलं, की आई-वडील विश्रामबाग-मिरजेकडच्या उंचावरच्या नातेवाइकांकडे जातील, पाणी अंगणात यायची वाट न बघता. जड सामान दर वर्षी जूनमध्येच माळ्यावर. कागदपत्रं, सोनं, औषधांची पिशवी एकाच बॅगेत.

दवाखान्याचंही तसंच. वडिलांना मुंबईला हलवायचा विचार तूर्त करू नका. मिरजेत त्यांचे डॉक्टर आहेत, त्यांची फाइल आहे, घरापासून ते पंचवीस-तीस मिनिटांवर आहेत. मुंबईत हृदयविकाराच्या रुग्णाला तेवढ्या वेळात रुग्णालयात पोचवणं गर्दीच्या वेळी अवघड. त्यांना खरी गरज आहे ती रात्री दोन वाजता दार वाजवता येईल अशा एका माणसाची. तुम्ही चुलत भावाचा उल्लेख केलाय, तो पुढच्या गल्लीत राहतो. त्याला गृहीत धरू नका, समोर बसून विचारा. तो हो म्हणाला तर घराची एक किल्ली, अँजिओप्लास्टीच्या अहवालाची आणि चालू औषधांच्या चिठ्ठीची एक प्रत, आणि तातडीला काढता येतील असे २५ हजार त्याच्याकडे ठेवा. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर आई-वडिलांच्या फोनमध्ये सगळ्यात वर. आणि कंपनीला विचारा, गट विम्यात आई-वडील येतात का, आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो का. काही कंपन्यांत जास्तीचा हप्ता भरून त्यांना घेता येतं, पण रुजू झाल्यावर ठरावीक दिवसांतच नाव घालावं लागतं. ती मुदत हुकली की पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. तुमच्या वडिलांसाठी बाहेर नवी पॉलिसी काढणं महाग आणि अटींचं, त्यामुळे ही सोय मिळत असेल तर ती पगारवाढीइतकीच मोलाची आहे.

पुण्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. सुवर्णमध्य म्हणून त्याचं नाव सगळेच घेतात. मी तेवढं म्हणणार नाही, कारण तिथे दुचाकीशिवाय पान हलत नाही आणि हिंजवडी-चाकणची वाहतूक काही मुंबईपेक्षा सुखाची नाही. पण सांगली-पुणे रस्त्याने साडेचार-पाच तास. रात्री अकराला फोन आला तर पहाटे तुम्ही मिरजेत असाल. मुंबईहून निघालात तर तेवढ्यात अजून वाटेतच असाल. ऑफर हातात आहे तोवर पुण्यात तीन-चार ठिकाणी अर्ज टाकून बघायला काय हरकत आहे?

जायचं ठरलंच, तर सगळं कुटुंब एकदम हलवू नका. आधी तुम्ही एकटे जा. अंधेरी पूर्वेला कॉट बेसिसवर, म्हणजे तीन-चारजणांच्या खोलीत एक खाट, अशी सोय ९ ते १२ हजारांत होते. मेपर्यंत तसे राहा. यामागे कारण आहे: शाळांमधल्या शिक्षकांच्या जागा बहुतेक मार्च ते मे दरम्यान निघतात, त्याच काळात पत्नीला मुलाखती देता येतील आणि तिची सांगलीतली शाळाही वर्ष पूर्ण करून सोडता येईल. मुलीची शाळा जूनला सुरू होईल. खासगी शाळांतले प्रवेश मात्र बऱ्याच ठिकाणी आदल्या हिवाळ्यातच उरकतात, तेव्हा भांडुप-विक्रोळीतल्या शाळांची चौकशी गेल्या गेल्या करा. महाराष्ट्रात वय ३१ डिसेंबरला मोजतात: नर्सरीला ३ वर्षं पूर्ण, पहिलीला ६. जन्मदाखल्यावरून ती कुठल्या वर्गात बसते ते आधी काढून ठेवा.

एकटं राहण्याची मुदत मात्र दोघांनी तारखेसह ठरवा. ती ठरवली नाही तर 'अजून बरं घर मिळालं नाही' म्हणता म्हणता वर्ष जातं, दोन चुली चालतात आणि मुलगी बाबांना फोनमध्येच ओळखायला लागते. दर शनिवारी सांगली गाठायचा हट्ट धरू नका. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर जाऊन रात्रभर परतणं महिन्यातून दोनदा जमतं, चारदा केलं की सोमवारी काम होत नाही. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुटतं. गणपती-दिवाळीच्या तारखा कॅलेंडरवर आत्ताच मोजून ठेवा, त्या दिवसांत सकाळी आठला बसला नाहीत तर पाच मिनिटांत प्रतीक्षायादी लागते.

मधल्या काळात पत्नी आणि मुलीला आठ-दहा दिवस मुंबईला आणा, पण गेटवे आणि चौपाटी दाखवायला नको. भांडुपला कुणाकडे किंवा लहानशा लॉजवर उतरा, आणि पत्नीला सकाळी साडेआठच्या गाडीने महिलांच्या डब्यातून एकटीने घाटकोपरला जाऊन यायला सांगा. भाजी तिथल्याच बाजारातून आणा. मुलीला संध्याकाळी खेळायला कुठे नेता येतं ते बघा. या आठवड्यानंतर तिचं मत काय बनतं, त्याला माझ्या सल्ल्यापेक्षा जास्त किंमत द्या.

घर बघायला दोनदा जा, एकदा सकाळी ऑफिसच्या वेळेला आणि एकदा रात्री. रखवालदाराला विचारा, पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, टँकर मागवावा लागतो का. वरचा मजला असेल तर छताला आणि पश्चिमेच्या भिंतीला ओल धरलीय का ते बघा. नुकताच रंग दिलेली एकच भिंत दिसली तर तिच्यावर हात फिरवा. तळमजला असेल तर भिंतीवर पाण्याची रेघ शोधा. गावभागातल्या माणसाला ती रेघ ओळखायला शिकवावं लागणार नाही.

पहिल्या महिन्याला किती रोख लागेल, यावर बऱ्याच लोकांचा हिशेब चुकतो. २७ हजार भाड्याच्या घराला तीन महिन्यांची अनामत ८१ हजार, दलाली एक भाडं २७ हजार, पहिल्या महिन्याचं भाडं २७ हजार, करार आणि नोंदणीचे तीन-साडेतीन हजार, सांगलीहून टेम्पो १८ हजार, गॅस-पंखे-कपाट-बादल्या असं किरकोळ २५ हजार. सगळे मिळून एक लाख ऐंशी हजारांच्या पुढे. शिवाय महिन्याच्या वीस तारखेनंतर रुजू झालात तर अनेक कंपन्या पहिला पगार पुढच्या महिन्यात जोडून देतात. तेव्हा दोन लाख बाजूला काढल्याशिवाय कुटुंब हलवू नका, आणि वडिलांच्या आजारासाठी ठेवलेल्या पैशाला यात हात लावू नका.

करार लिव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणी ही घरमालकाची जबाबदारी आहे. 'नोटरी करून घेऊ' म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. खर्च मोठा नाही: ११ महिन्यांच्या एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या वार्षिक १० टक्क्यांवर मिळून पाव टक्का मुद्रांक शुल्क, तुमच्या बाबतीत साडेसातशे-आठशे रुपये, आणि शहरात नोंदणी फी एक हजार. करारात लॉक-इन, म्हणजे घर सोडता येणार नाही असा काळ, किती महिन्यांचा आहे ते वाचा. सहा महिन्यांहून जास्त मान्य करू नका, कारण पत्नीला दुसऱ्या टोकाच्या शाळेत नोकरी लागली तर घर बदलावं लागेल. घर सोडताना रंगकामाचे पैसे अनामतीतून कापणार का, किती, हे आकड्यात लिहून घ्या. सोसायटीचा देखभाल खर्च कुणी भरायचा, तेही. आत शिरायच्या दिवशी प्रत्येक खोलीचे, नळांचे, फरशीच्या तड्यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. अनामतीचे वाद बहुधा जुन्या तड्यांवरूनच होतात.

दोन वर्षं मुंबईत किंवा तिच्या आसपास घर विकत घेऊ नका, भाडं वाया जातंय असं कितीही वाटलं तरी. अंबरनाथ-बदलापूरला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत बुकिंग केलं की भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम सुरू होतात, आणि नोकरी बदलायची किंवा परत यायची मोकळीक संपते. सांगलीच्या घरातली तुमची खोली भाड्याने देऊ नका.

कंपनीला पंधरा दिवसांची मुदत संपेपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात एचआरला मेल करा: आठवड्यातून एक-दोन दिवस घरून काम करता येईल का, विम्यात आई-वडील येतील का, आणि कुपवाडचा नोटीस काळ पूर्ण करून महिन्याच्या एक तारखेला रुजू होता येईल का. आठवड्यातला एक दिवस घरून मिळाला तरी भांडुपचे महिन्याला नऊ-दहा तास वाचतात, दोन मिळाले तर ठाण्यापलीकडचं स्वस्त घरही विचारात घेता येतं आणि वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. उत्तर आलं की तो कागद घेऊन पत्नीसोबत बसा, आणि वडिलांशी त्यानंतर बोला.